ऑइल बदललं आणि गाडी घुमायला लागली

ते प्रकरण अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. खून नाही, दरोडा नाही. एका जुन्या जीपचा आवाज! पण त्या आवाजापायी एक माणूस तुरुंगाच्या दारात आणि एक सून माहेरच्या वाटेवर उभी होती.

बालाघाट जिल्ह्यात, किरनापूरच्या बाजूला मी ठाणेदार होतो. सकाळची हजेरी आटोपली आणि तांदळाचे एक व्यापारी तणतणत आत आले. मुलाच्या लग्नात व्याह्यांनी जुनी जीप दिली होती. हुंडा म्हणायचं नाही, भेट म्हणायची. असो. गाडी सर्व्हिसिंगला टाकली, आणि परत आणली तर मागून घूं घूं आवाज.

"जाताना गाडी एकदम मक्खन होती, साहेब! मिस्त्रीनं मागचं डिफरेन्शियल काढून घेतलं न कबाड बसवून देल्लं. त्यानं नसन केलं, त मंग व्याह्यानंच फसवलं. तसं निघालं त त्याची पोरगी त्याच्या घरी!"

डिफरेन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला लोखंडी गोळा. इंजिनाचा जोर तिथल्या दातेरी चाकांतून मागच्या चाकांना मिळतो. सुनेबद्दलची ती धमकी हे गृहस्थ मिस्त्रीच्या दुकानासमोरही चार लोकांत देऊन आले होते.

दुपारी फोन आला. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही, एवढंच म्हणाला, "मिस्त्रीच्या दुकानामागं ताडपत्रीखाली पाहा." पाहिलं, तर त्याच मॉडेलचं एक डिफरेन्शियल. पंचांसमोर जप्त केलं आणि मिस्त्रीला ठाण्यात आणलं.

"हे कुठलं?"

"भंगारातून घेतलं जी, सुट्ट्या सामानासाठी."

"मग त्या जीपला काय केलंस?"

"ऑइल बदलवलं."

"आणि?"

तो गप्प. खोटं बोलणारा माणूस भाराभर बोलतो, हा माझा अनुभव. गप्प बसणारा काहीतरी दाबून ठेवतो. माझा संशय पक्का झाला आणि डोकंही तापलं.

"काहून बोलत नाही रे? आत जाशील!"

"डिफरेन्शियल मी बदलवलं नाही, साहेब. एवढंच सांगतो."

कबुली मिळेना, तेव्हा मी ठाण्याच्या ड्रायव्हर हवालदाराला घेऊन जीपच चालवून पाहिली. डांबरी रस्ता असो की मुरमाचा, आवाज तोच. म्हणजे टायरचा नाही. वळणावरही फरक पडेना. एक्सिलरेटर दाबला की घुमायची, पाय उचलला की शांत. हवालदार म्हणाला, "दात झिजले साहेब, डिफरेन्शियलच हाय." व्यापाऱ्याचं म्हणणं खरं ठरत होतं. मिस्त्रीचं काही खरं नाही, असं मला वाटलं.

मग हवालदार खाली शिरला आणि मलाही त्यानं वाकायला लावलं. डिफरेन्शियलच्या बोल्टांवर जुन्या चिखलाचा आणि तेलाचा दगडासारखा थर होता. तिथं कुणाचा पाना लागलाच नव्हता. फक्त ऑइल काढायचं बूच तेवढं ताजं उघडलेलं. म्हणजे डिफरेन्शियल पहिल्यापासून हेच! मग आधी आवाज का नव्हता?

आम्ही थेट दुकानात गेलो. जीपमधून काढलेल्या ऑइलचा डबा तसाच पडला होता. काडी घालून ढवळला, तर तळाशी लाकडाचा भुसा. लाकूड कापायच्या आरामशीनवर मिळतो तोच! विकाऊ गाडीच्या डिफरेन्शियलमध्ये भुसा कोंबला की काही दिवस आवाज दबतो. मिस्त्रीनं इमानदारीनं ऑइल बदललं, भुसा बाहेर आला आणि गाडी घुमायला लागली.

मी डबा मिस्त्रीसमोर आपटला. "हे दिसलं होतं तुला?"

"हौ जी."

"मग बोंबलला काहून नाहीस?"

तो रडायलाच लागला. "ते पोरगी आमच्या गावची, रामपायलीची हाय, साहेब. तिच्या बापानं भुसा टाकला म्हनून कळलं असतं, त तिले नांदू देल्लं असतं का त्यायनं?"

खरं सांगतो, मला भरून आलं. दुसऱ्याच्या लेकीसाठी हा माणूस तुरुंगात जायला निघाला होता.

मी मुलीच्या बापाला बोलावलं. डब्यातला भुसा त्यानं बोटांनी चोळून पाहिला. गाडी त्यानं गोंदियाच्या एका दलालाकडून घेतली होती. तिथल्या पोलिसांच्या मदतीनं दलालाला आणलं. थोडे आढेवेढे घेऊन भुसा आपणच घातल्याचं त्यानं कबूल केलं. बापाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. फसवणुकीचा गुन्हा दलालावर नोंदवला. व्यापाऱ्याला मी सगळ्यांसमोर दम भरला, "गाडीपायी सुनेला घराबाहेर काढलं, तर पुढचा गुन्हा तुमच्यावर!" ते गुपचूप निघून गेले.

मग मोठ्या कौतुकानं मी बापाला सांगितलं, की हा मिस्त्री तुमच्या लेकीसाठी तोंड बंद करून बसला होता. मला वाटलं, तो मिस्त्रीच्या गळ्यात पडेल.

तो मिस्त्रीकडे वळला. म्हणाला, "म्हंजे तुले वाटलं, माह्या पोरीले मी भुशाची गाडी देईन?"



माझा संशय चुकीचा होता, पण तो तपासला गेला. पंच होते, पंचनामा होता, जीप होती. मिस्त्रीनं मुलीच्या बापावरचा संशय मायेपोटी पोटातच ठेवला. तो तपासायला कुणी गेलंच नाही. पुढं माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या फौजदाराला मी सांगत आलो, गप्प बसलेल्या माणसाला 'तू काय केलंस' एवढंच विचारू नका, 'तुझा संशय कुणावर आहे' तेही विचारा.

पोरीचा संसार टिकला. मिस्त्री आणि पोरीचा बाप एकाच गावचे, पण समोरासमोर आले तरी आजही एकमेकांना जय भीम करत नाहीत.