तिसरा मोकळा खेळाडू

“फुकट म्हणजे कुणाला फुकट?” परातीतल्या पिठावरची मान वर न करता शेवंतीने विचारलं. “खेळाडू क्लबला फुकट, असोसिएशनला फुकट. एकेका वेळेला पाच भाकऱ्या जातात, त्या कोण थापतं?”

सहदेव हॉलमधल्या दिवाणावर बसून मांडीवरच्या फॉर्मचे रकाने भरत होता. नव्या खेळाडूच्या नोंदणीचा तो फॉर्म संध्याकाळी पाचच्या आत ठाण्याला असोसिएशनच्या ऑफिसात पोचायला हवा होता आणि अर्धा तास हेच चाललं होतं. तो म्हणाला, प्रश्न भाकरीचा नाही, स्टॉपरचा, मधला बचाव सांभाळणाऱ्याचा आहे. संघाचे दोन बॅक गेले, एक नोकरीसाठी बंगळुरूला आणि दुसरा घोटा मोडून घरी. सहा मॅच उरल्यात. त्यातल्या तीन हरलो की संघ खालच्या गटात.

“सतरा वर्षं वर ठेवलाय मी तो.”

“आपण,” आतून संचिता म्हणाली. त्यांची ही एकुलती मुलगी शनिवारीही घरून काम करायची. हॉल कायम कुणीतरी खेळाडू अडवून बसलेला, म्हणून तिचं ऑफिस आतल्या पलंगावर.

सहदेव शिगवण वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये फोरमन होता. उरलेल्या वेळात तो डोंबिवलीच्या उदयतारा फुटबॉल संघाचा चिटणीस, कोच आणि निवड समिती असं सगळंच होता. संघाची जर्सी मात्र शेवंतीच्या मशीनमध्ये धुतली जायची आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत वाळायची. शेजारच्या माया वहिनी म्हणायच्या, तुमच्याकडे अकरा मुलगे आणि सगळे एकाच मापाचे.

संघाकडे पैसा नव्हता, त्यामुळे दुसऱ्या क्लबचा खेळाडू सोडवून आणणं जमायचं नाही. हंगामाच्या मध्यावर नोंदणी बंद झाली की तेही दार बंद. त्यानंतर घेता येतात ते फक्त ज्यांना कुठलाच क्लब नाही असे खेळाडू. मैदानावर त्यांना मोकळे म्हणतात. एका हंगामात असे तिघेच घेता येतात आणि एकदा नाव गेलं की बदलता येत नाही. घेतलेला मोकळा दुसऱ्या दिवशी आजारी पडला तरी ती जागा वाया. यंदा दोघे घेऊन झाले होते, ही तिसरी आणि शेवटची जागा.

सहदेवचं सगळं डोकं या मोकळ्यांवर चालायचं. तो पहिल्यांदा खेळ बघायचा नाही, विचारायचा, मोकळा का झालास? रागीट म्हणून काढलेला नको, दुखापतीमुळे सोडलेला नको. ज्याच्या कंपनीने संघच बंद केला, तो चांगला. त्यात त्याचा दोष नसतो आणि भूक असते. मग तो त्या माणसाला आपल्या बिल्डिंगचे तीन मजले दोनदा पळत चढायला लावायचा, कारण बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. आणि मग जेवायला बसवायचा. फॉर्मवर सही व्हायची ती असोसिएशनसाठी. खरा करार जेवणाचा. या घरचं मीठ खाल्लेला सोडून जात नाही, असं त्याचं ठाम मत होतं, त्यामुळे तो बाकी काही लिहून घ्यायचा नाही. गेल्या वर्षी ऋतुराज नावाचा पोरगा पाच महिने मीठ खाऊन, सात गोल मारून, शेवटच्या चार मॅच शिल्लक असताना दुसरीकडे गेला. मोकळा आला तो मोकळा गेला. सहदेव आठवडाभर कुणाशी बोलला नाही. त्यानंतरही मत बदललं नाही.

शेवंती एकविसाव्या वर्षी संगमेश्वरकडून लग्न होऊन आली. त्याच वर्कशॉपमध्ये तिने अकरा वर्षं काम केलं, गेज लावून माल तपासायचं. दिवसभर उभं राहायचं, पिस्टनच्या पिना एकेक करून गेजमधून काढायच्या, केसभर जाड निघाली तरी नापास मालाच्या लाल पेटीत टाकायची. मालक सुधीरभाऊ तिला कधी घाई करत नसत. पुढे तिचे गुडघे गेले. नोकरी सुटली, पण स्वयंपाकघरातलं उभं राहणं सुटलं नाही. आता वय बावन्न. बाजारातून आल्यावर ती दुसऱ्या मजल्यावरच्या पायरीवर थोडी बसते आणि लोक विचारतात तेव्हा सांगते की फोन आला होता.

सकाळी मैदानावर सहदेवसमोर खेळून साडेबाराला रत्नदीप घरी आला. एकतीस वर्षांचा, उंच, खांद्याने दार भरणारा. ठाण्याच्या एका कंपनीच्या संघात सहा वर्षं स्टॉपर होता. कंपनीने नऊ महिन्यांपूर्वी संघ बंद केला आणि खेळाडूंना घरी पाठवलं. सहदेवच्या हिशोबाने अगदी हवा तसा. तो टिटवाळ्याला भाड्याच्या खोलीत राहायचा, बायको प्रियांका आणि दोन पोरं, धाकटं चार महिन्यांचं. संघात आला तर वर्कशॉपमध्ये कामही मिळणार होतं. सुधीरभाऊ दरवर्षी उदयताराच्या दोन खेळाडूंना कामावर घेत. अट एवढीच की खेळत असला पाहिजे.

रत्नदीप दोनदा तीन मजले चढून आला. धाप नावालाच. सहदेवचा चेहरा उजळला आणि त्याने फॉर्मवर नाव लिहायला घेतलं. शेवंतीने विरजण बिघडल्याचं सांगितलं आणि रत्नदीपलाच खालून दही आणायला पाठवलं. तो गेला तशी ती सहज दाराशी जाऊन उभी राहिली.

उतरताना त्याने डावा हात कठड्यावर ठेवला. उजवा पाय आधी खाली, ताठ, मग डावा त्याच पायरीवर. पुन्हा उजवा. लहान मूल उतरतं तसं. शेवंती स्वतः चार वर्षं अशीच उतरत होती. चढताना कुणालाही फसवता येतं, उतरताना नाही, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

दही घेऊन तो स्वयंपाकघरात आला तेव्हा सहदेव गॅलरीत फोनवर असोसिएशनच्या क्लार्कला थांबायला सांगत होता.

“ऑपरेशन कधी झालं?” शेवंतीने विचारलं.

“कसलं काकू?”

“उजव्याचं.”

त्याने पिशवी ओट्यावर ठेवली. 

“मार्चमध्ये. कंपनीचा संघ बंद झाल्यावर मी मोहल्ल्याच्या टूर्नामेंट खेळत होतो ना, तिथे. लिगामेंट.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“वर्षभर नको म्हणाले.” मग आवाज खाली आणून, “काकू, सहा मॅच आहेत फक्त. पट्टी बांधून काढतो मी. डिलिव्हरीचं करून बघितलं, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगा असतात, जमत नाही. काकांना तेवढं नका ना सांगू.”

शेवंती दही भांड्यात काढू लागली. सांगू नका, असं पूर्वीही एकाने म्हटलं होतं. विश्राम त्याचं नाव, डावा विंगर, मोकळाच. त्याचा पाय जेवायला बसताना दुखतो हे तिला दिसलं होतं आणि त्याने विनवलं म्हणून ती गप्प राहिली. दुसऱ्याच मॅचमध्ये त्याचा गुडघा कायमचा गेला. खेळत नाही म्हणून वर्कशॉपमधलं कामही महिन्याभरात गेलं. परवा कल्याणच्या भाजी मंडईत दिसला तेव्हा त्याने तिला ओळखलं, हसला, लंगडत दोन पावलं पुढे आला. शेवंतीने भाजी न घेता रिक्षा केली होती.

तिने चार पानं वाढली. भाकरी, सुकटीची चटणी, वालाचं बिरडं. रत्नदीप खाली बसताना भिंतीला हात लावून बसला. संचिताने पाहिलं आणि आईकडे बघितलं. सहदेव फॉर्म ताटाशेजारी ठेवून बोलतच होता, पुढच्या रविवारी कुणाला कुठे उभं करायचं.

“त्याच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय,” शेवंती म्हणाली. “मार्चमध्ये. डॉक्टरांनी वर्षभर नको सांगितलंय.”

रत्नदीपने घास ताटात ठेवला. सहदेव दचकला नाही. चिडलासुद्धा नाही, हे बघून शेवंतीच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

“तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली.

सहदेव चटणी बोटाने इकडची तिकडे करत राहिला. मग म्हणाला, माहीत नव्हतं, वाटलेलं. सकाळी मैदानावर रत्नदीपने एकदाही घसरून टॅकल केलं नाही. दोनदा बॉल जवळून गेला, जाऊ दिला. “विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. म्हणून नाही विचारलं.”

“बाबा, खाली लिहिलंय ते वाचलंत का?” संचिताने ताटाशेजारचा फॉर्म उचलला. खेळाडू तंदुरुस्त असल्याची खात्री केली आहे, असं चिटणीसाने लिहून द्यायचं होतं. खाली सहदेवची सही झालेली होती.

“सगळे करतात,” सहदेव म्हणाला. त्याच्या आवाजात भांडण नव्हतं, नुसता थकवा होता. सतरा वर्षं तो दुसऱ्यांनी टाकलेली माणसं गोळा करून संघ उभा करत होता आणि आता गोळा करायलाही कुणी उरलं नव्हतं. “माणूस तयार आहे ना? त्याला नोकरी पाहिजे, मला स्टॉपर पाहिजे. कुणी कुणाला फसवत नाही.”

“काका बरोबर बोलतायत,” रत्नदीप घाईने म्हणाला. “मी तयार आहे. लिहून देतो पाहिजे तर.”

दोघेही तिच्याकडे बघू लागले, जणू हरकत तेवढी तिचीच उरली होती. घड्याळात पावणेदोन झाले होते. शेवंतीने संचिताच्या हातातून फॉर्म घेतला, चार घड्या घातल्या आणि ओच्यात खोचला. मग रत्नदीपच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

“जेव आधी,” ती त्याला म्हणाली, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने, “फॉर्म जाणार नाही. संघ खाली गेला तर जाऊ दे. सोमवारी मी याला घेऊन सुधीरभाऊंकडे जाते आणि बसून करायचं काम मागते. खेळाचं त्यात काही सांगणार नाही. देतील किंवा नाही देणार. आणि उद्यापासून या घरात कुणी खेळाडू जेवायला येणार नाही.”