पाटात बुचकळलेलं पातेलं

आखातात, अल् घुब्रात राहणाऱ्या वसईकरांत बेंजामिनचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. हॉटेलातल्या मेजवान्या सांभाळून त्याला माणसं हाकायची खोडच लागली होती. थंडी पडली की चार घरं गोळा करून तो इब्रा शहरापुढच्या एका वादीत, म्हणजे डोंगरातल्या नदीच्या पात्रात, चालायला नेई. उंटांच्या तांड्यांची जुनी वाट तिथे पाण्याच्या कडेकडेने गावाकडे उतरते.

गाव दिसलं की त्याचं व्याख्यान ठरलेलं. डोंगरातून पाटाने येणारं पाणी गावात शिरतं तिथे फक्त प्यायचं भरायचं. त्याच्या खाली आंघोळी, मग भांडीकपडे, उरलेलं खजुरांना. यंदाही त्याने ते ऐकवलंच. त्याची बायको विनी ते झोपेतही म्हणू शकली असती.

गावाच्या वरच्या अंगाला, पाटाशेजारीच बार्बेक्यू झाला. वसईहून आणलेल्या लाल बाटली मसाल्यात मुरवलेल्या चिकनचं पातेलं तेवढं धुवायचं उरलं. भांड्यांची जागा गावापलीकडे, ऊन रणरणतं, पोट तुडुंब. बेंजामिनने इकडेतिकडे बघितलं आणि पातेलं तिथेच पाटात बुचकळलं. लाल तवंग गावाकडे निघाला. वसईला घरच्या विहिरीवर कुणी चपला घालून चढलं तर हाच माणूस अख्खी आळी डोक्यावर घेई.

खाली झुबेर नावाचा म्हातारा पाणी भरत होता. त्याने तवंग बघितला, भरलेला कॅन जमिनीवर ओतून टाकला आणि वर आला. आता शिव्या बसणार, असं बेंजामिनला वाटलं. म्हातारा अरबीत शांतपणे म्हणाला, “पाहुणे आहात. तुम्हाला कुठून ठाऊक असणार?” शिवाय सगळ्यांना कॉफीला बोलावून तो परत फिरला.

काय म्हणाले, असं विनीने विचारलं. कॉफीला बोलावतायत, एवढंच बेंजामिनने सांगितलं. सगळे खूश होऊन उठले. शाळेत अरबी शिकणारी लेक रोशेल मात्र पातेल्याकडे बघत उभी राहिली.

“बट डॅडा,” ती अडखळत म्हणाली, “तुला तर माहीत होता ना?”

बेंजामिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला गप्प बसवणं सोपं होतं, जीभही वळवळली. पण तिच्या तोंडाकडे बघवेना. तो तडक म्हाताऱ्याच्या मागे गेला आणि मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाला, “मला ठाऊक होतं. मी कंटाळा केला.”

झुबेरच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. “मग इथे बस,” तो म्हणाला. “पाणी निवळेस्तोवर जो कोणी भरायला येईल, त्याला तूच सांग.”

बाकीच्यांना तो समोरच्या ओट्यावर घेऊन गेला. बेंजामिन पाटाशी बसला. थोड्या वेळाने कडेवर मूल घेतलेली एक बाई कॅन घेऊन आली. तो उठून उभा राहिला आणि खाली मान घालून त्याने सांगितलं. रिकामा कॅन ठेवून बाई पाणी निवळायची वाट बघत बाजूला बसली. तिच्यामागून आणखी दोघे येत होते.