अकरा ते एक मोटर बंद

फोन आला तेव्हा मी मोगऱ्याच्या वाफ्यात वाकलो होतो. मोरूच्या कॉलेजातल्या शुभदा मॅडम होत्या. "काका, सर जिन्यात कोसळले... दवाखान्यात नेलं, पण..." पुढचं त्यांना बोलवेना. मी नुसतं "बरं" म्हणालो. सख्ख्यासारखा चुलतभाऊ गेल्याचं कळल्यावर माणूस "बरं" म्हणतो का? मी म्हणालो खरा.

मोरेश्वर, आमचा मोरू, वसईच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. उमेळ्यात त्याची वाडी आणि माझी वाडी एकाच कुंपणाची. त्याच्या वाटणीतली केळी कधीच गेली, पलीकडे सात मजली इमारत उभी राहिली, पण उरलेल्या दोन पोफळींमध्ये त्याने तार ताणली होती. आम्ही पूर्वी केळीचे घड पिकत घालायचो त्या खोलीत त्याचं यंत्र. सूर्याचा रेडिओ, म्हणायचा. मी चेष्टा करायचो, "काय रे, आज सूर्याने कुठलं गाणं लावलंय?" तो चिडायचा नाही, समजावत बसायचा. सूर्याभोवती जो तापलेला किरीट असतो, त्यात स्फोट झाला की इलेक्ट्रॉन सुसाट सुटतात. वर निसटलेले रेडिओत खरखर करतात, खाली आदळलेले क्ष-किरण फेकतात. खरखर इथे जमिनीवर पकडता येते. क्ष-किरण हवेत अडतात, ते वरचा उपग्रहच बघतो. त्याची नोंद इंटरनेटवर फुकट मिळते. "दोन्ही एकाच वेळेला सापडले ना दत्ता, की दोन साक्षीदार झाले. एकटा कुणीही खोटं बोलू शकतो."

सूर्य डोक्यावर असताना, अकरा ते एक, मी पाण्याची मोटर लावायची नाही, असं आमचं ठरलं होतं. माझा स्टार्टर जुना, ठिणग्या उडवायचा, आणि मोरूच्या यंत्रात त्याची थेट उभी रेघ उमटायची. त्याचं यंत्र साधं. आवाज साठवत नसे, फक्त रेघ काढी. मोटरची रेघ कुठली आणि सूर्याची कुठली, ते त्यात ओळखू येत नसे. मी हो म्हणालो होतो. पण सकाळी अख्खा गाव मोटरी लावून बसायचा, व्होल्टेज पडायचं, माझी मोटर नुसती घुरघुरायची. मोगरा सुकायला लागला की मी साडेअकराला गुपचूप खटका दाबायचो. मोरू तेव्हा कॉलेजात. दुपारी घरी आला की कुंपणाशी यायचा. "दत्ता, आज लावली होतीस का रे?"

"छे! नाही बुवा."

तो हसायचा आणि आत जायचा. किती वेळा हे झालं असेल! मला वाटायचं, एवढं काय, सूर्य का पळून जातोय?

गेल्या वर्षी होळीच्या दोन दिवस आधी माझी मोटर जळली. जळली ती त्या बंदीच्या वेळातच. उचलून वसई रोडला वायंडिंगला टाकली. होळीच्या दुपारी मोरू कुंपणाशी आला, नेहमीपेक्षा लगबगीने, पायात चपलासुद्धा नव्हत्या. "दत्ता, खरं सांग हं. आज लावली होतीस?" मी म्हणालो, "नाही." तो तसाच उभा राहिला. "नक्की?" मी चिडलो. "नाही म्हटलं ना एकदा!" मोटर जळलीय, घरात नाहीच, एवढं सांगायला माझी जीभ रेटेना. सांगितलं असतं तर त्याने विचारलं असतं, कधी जळली, कशी जळली. माझी लबाडी उघडी पडली असती. तो मान हलवून गेला. या वेळी हसला नाही.

पुढे पावसाळ्यात त्याने संशोधन-पत्रिकेला पाठवलेला लेख परत आला. खरखर आणि क्ष-किरण यांची एकही निःसंशय जोड नाही, असं तपासणाऱ्यांनी लिहिलं होतं. ओटीवर बसून त्याने मला ते पत्र वाचून दाखवलं. बारा वर्षांचं काम. "बरोबर आहे त्यांचं," एवढंच म्हणाला. त्यानंतर तो यंत्राच्या खोलीत जाईनासा झाला. सुलभावहिनी सांगतात, जेवणावरची वासनाच उडाली होती.

तेराव्यानंतर शुभदा मॅडम त्याच्या वह्या बघायला आल्या. वहिनींनी मलाही बोलावलं. पानापानावर तारीख, वेळ, रेघेची उंची, आणि शेऱ्यात जागोजागी एकच शब्द: मोटर. त्याला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून तो रोज मला विचारत होता. मग मॅडम एका पानावर थबकल्या. "ही सगळ्यात उंच रेघ. उपग्रहाचे क्ष-किरणही त्याच मिनिटाला चढलेत. हीच तर जोड! मग सरांनी काट का मारली?" त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. होळीची तारीख. मोरूचं बारीक, सरळ अक्षर: 'तंतोतंत जुळते. दत्ता नाही म्हणतो. तो नेहमीच नाही म्हणतो. रद्द.'

मी दोघींना सगळं सांगितलं. वहिनी उठून आत गेल्या. मॅडम म्हणाल्या, "काका, लिहून द्या. मी पाठवून बघते. पण वायंडिंगवाल्याकडे काही नोंद असेल का?" मी दुसऱ्या दिवशी गेलो. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. म्हणजे साक्षीदार मी एकटाच. आणि माझी साक्ष काय लायकीची, ते मोरू वहीत लिहून गेलाय.

तरी लिहून दिलंय. इथेही लिहितोय, चार लोक वाचतील म्हणून. हल्ली अकरा वाजले की मी खटक्याकडे जात नाही, ओटीवर बसून राहतो. मोगरा जळाला तर जळू दे. मोरू, आईशप्पथ, त्या दिवशी मोटर बंद होती रे. तो सूर्यच होता.