नवव्या प्रश्नाचं उत्तर

"बाळासाहेबांचे सत्तावीस," डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आणि सर, तुमचे तीन."

मी हायस्कूलमध्ये गणित शिकवतो. चाळीसपैकी तीन मार्क पडले म्हणून खूश झालेला गणिताचा मास्तर अख्ख्या जिल्ह्यात मी एकटाच असेन. पण ही परीक्षाच तशी होती. दारूचे दहा प्रश्न. मार्क जितके कमी, तितका माणूस बरा.

त्या गुरुवारी काष्टीकडच्या आमच्या आरोग्य केंद्रात मी धाकट्या भावाला, बाळूला, घेऊन गेलो होतो. सकाळी त्याचे हात कापायचे. गाईची धार काढताना निम्मं दूध बादलीबाहेर जायचं. नर्सबाईंनी त्याचा कागद भरायला घेतला आणि मला म्हणाल्या, "तुम्हीपण बसा. आम्ही सगळ्यांनाच विचारतो." याला स्क्रीनिंग म्हणतात. म्हणजे चाळण. खडा कुठला ते आधी माहीत नसतं, म्हणून सगळेच दाणे चाळणीत घालायचे.

बाळूने सगळं खरं सांगितलं. रोज घेतो. उठल्याउठल्या लागते. "मंगल रडती," हेही सांगितलं, ते कागदावर नव्हतं. मंगल म्हणजे त्याची बायको.

मी सांगितलं, महिन्यातून एखाद्या वेळी, पाहुणे आले तर. आता आमच्याकडे पाहुणे आठवड्यातून चारदा येतात, आणि बहुतेक वेळा तो पाहुणा मीच असतो. नववा प्रश्न होता, तुमच्या पिण्यामुळे तुम्हाला किंवा दुसऱ्या कुणाला इजा झाली आहे का? मी "छे!" म्हणालो. परीक्षेत पोरांच्या बाह्या तपासणारा मी, मलाच कुणी तपासलं नाही.

मधले मार्क पडणाऱ्यांसाठी ब्रीफ कौन्सेलिंग असतं. म्हणजे पाच-दहा मिनिटांचा सल्ला. कुणी ओरडत नाही, लाज काढत नाही. किती घेता, त्याने काय होतं, किती कमी करता येईल, एवढंच बोलतात. तो सल्ला माझ्यासाठीच होता. मी तीन मार्कांवर सुटलो.

बाळूला मॅडमनी समोर बसवलं. "तुमच्या शरीराला दारूची सवय झाली आहे. घरच्या घरी एकदम बंद करायची नाही. फिट येऊ शकते. उद्याच नगरला जा, मी चिठ्ठी देते. आठेक दिवस ॲडमिट करून औषधं देऊन सोडवतात."

"उद्याच जातो, मॅडम," बाळू म्हणाला. "दादा हाय ना संगं."

"मी आहे ना," म्हणत चिठ्ठी दादाने घेतली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

आमच्या घरात व्यसन सोडायची एकच रीत आहे. खंडोबाच्या देवळात बेलभंडारा उचलायचा. तळहातावर बेलाचं पान, त्यावर हळद, आणि देवाला शब्द. आमच्या चुलत्याने तंबाखू अशीच सोडली. ती गोष्ट मी घरातल्या दर लग्नात सांगतो, माणसं हसून हसून लोळतात. तंबाखूचं निराळं आणि दारूचं निराळं, हे त्या गोष्टीत बसत नव्हतं. शिवाय नगरच्या दवाखान्यात कुणी ओळखीचं भेटलं तर काय सांगणार? सरांचा भाऊ दारू सोडायला ॲडमिट आहे? मी बाळूला म्हणालो, नगर राहू दे, भंडारा उचल.

"मॅडम येकदम बंद करू नको म्हनल्या ना, दादा?"

"अरे, डॉक्टरच पी म्हणायला लागल्यावर तू सोडणार कधी?" मी म्हणालो. बाळू हसला. माझ्या बोलण्यावर तो लहानपणापासून हसत आलाय.

शुक्रवारी सकाळी त्याने भंडारा उचलला. हात इतका कापत होता की निम्मी हळद माझ्या पायावर सांडली.

शनिवारी त्याला घाम फुटला. जेवण जाईना, झोप येईना. याला विथड्रॉवल म्हणतात. सवयीची दारू एकाएकी मिळेनाशी झाली की मेंदू सैरभैर होतो. हे मला आता माहीत आहे. तेव्हा मी मंगलला म्हणालो, "भंडारा काम करतोय."

रविवारी दुपारी मी हुरडा पार्टीला गेलो. शाळेतल्या एका सरांचं शेत, कोवळी ज्वारी, शेंगदाण्याची चटणी आणि गोठ्यामागे बाटली. मी रंगात आलो होतो. भावाची दारू दहा मिनिटांत कशी सोडवली, ही नवी गोष्ट सांगत होतो. तेवढ्यात मंगलचा फोन आला.

"भाऊजी, हे भिंतीवरच्या मुंग्या झाडायलेत. भिंतीवर मुंग्या न्हाईत हो."

"लिंबूपाणी पाज. उतरेल. मी जरा गोष्ट सांगतोय."

दुसरा फोन आला तेव्हा गोष्टीत देऊळ आलं होतं. मी फोन उचलला नाही. तिसरा शेजाऱ्याचा होता. बाळूला फिट आली होती, पडताना डोकं उंबऱ्यावर आपटलं होतं, आणि टेम्पोत घालून ते नगरच्या वाटेला लागले होते.

मी पोचलो तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "शेवटची कधी घेतली?" मी म्हणालो, "गुरुवारी संध्याकाळी." त्यांनी माझा वास घेतला. "मी पेशंटचं विचारतोय," ते म्हणाले. "पेशंटचंच सांगतोय," मी म्हणालो. एरवी या प्रसंगाची मी फक्कड गोष्ट केली असती.

मंगल बाकावर बसली होती. पदराला रक्त लागलं होतं. ती एवढंच म्हणाली, "सपली का तुमची गोष्ट, भाऊजी?"

आयसीयूच्या दाराबाहेर नऊ दिवस काढले. आत बाळूचे हातपाय बांधलेले, तो कुठल्यातरी गाईला हाका मारायचा. डॉक्टर म्हणाले, "त्याच दिवशी आणला असता तर साधं काम होतं." चिठ्ठी अजून माझ्या खिशात होती. शर्टाबरोबर धुऊन तिचा लगदा झाला होता.

बाळू वाचला. पण वर्षानुवर्षांच्या दारूने शरीरातलं थायमिन, म्हणजे एक जीवनसत्त्व, संपलं होतं. त्यावर ते आजारपण आणि डोक्याचा मार. नवी आठवण आता टिकत नाही. "थोडं सुधारेल," डॉक्टर म्हणाले. "पूर्वीसारखं होईल असं मी सांगणार नाही." वर्ष झालं. सुधारलं नाही.

त्याचं आयुष्य त्या गुरुवारी थांबलं आहे. रोज सकाळी तो धुतलेला पायजमा घालून ओट्यावर येऊन बसतो आणि मला विचारतो, "दादा, निघायचं ना? मॅडमनी उद्याच जा म्हनलंय." भंडारा त्याला आठवत नाही. मी भरवसा दिला होता, तेवढं आठवतं.

तुमच्या घरात कुणी असा असेल तर माझी एकच विनवणी आहे. देवाला शब्द द्यायचा तर द्या, पण आधी चिठ्ठी घेऊन दवाखान्यात जा. आणि नर्सबाई तुम्हालाही बसा म्हणाल्या, तर खरं सांगा.

गेल्या महिन्यात बाळूला घेऊन मी पुन्हा केंद्रात गेलो आणि स्वतःहून तो कागद मागितला. नर्सबाई वाचत गेल्या, मी सांगत गेलो. नवव्या प्रश्नाला थांबलो. तुमच्या पिण्यामुळे दुसऱ्या कुणाला इजा झाली आहे का?

"हो," मी म्हणालो. "बाहेर बाकावर बसलाय."

मॅडमनी मला दहा मिनिटं दिली. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाहेर आलो तर बाळूने विचारलं, "तुझे किती पडले, दादा?"

"अठरा."

"लई झाले की." तो काळजीत पडला. मग बाकावरून उठला आणि माझा हात धरला. "घाबरू नको. उद्याच जाऊ नगरला. मी येतो ना संगं."