कव्हरवर न आलेला कांदा

ताई गेल्याचा हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी बेसिंगस्टोकला ऑफिसात होतो. बातमी अनपेक्षित नव्हती. तरी तीन दिवस नुसतं रडू येत होतं... चौथ्या दिवशी तेही थांबलं, कारण तिच्या जुन्या संपादकाने आपल्या वेबसाइटवर तिच्याविषयी लेख लिहिला. ‘निर्भीड’ हा शब्द त्यात तीनदा होता. सोबत तिचं ‘सर्वात गाजलेलं काम’ म्हणून त्याच्या मासिकाच्या एका जुन्या अंकाचं कव्हर छापलं होतं. लाल डोळ्यांचा एक कृष्णवर्णीय तरुण, हातात सुरी, आणि खाली ताईचं नाव. मला ओकारी आली. उगाच वाढवून सांगत नाही, खरोखर उठून बेसिनपाशी गेलो. त्या संपादकाची किळस आली हे तर खरंच, पण तेच कव्हर फ्रेम करून इतकी वर्षं माझ्या हॉलमध्ये लटकत होतं, आणि ते लावणारा मीच होतो.

नीलिमाताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. वडील इथे इंग्लंडातल्या हॉस्पिटलात डॉक्टर, घर लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडनला. मुलगी डॉक्टर होणार हे घरात न बोलता ठरलेलं होतं, आणि ही रॅप आणि हिपहॉपवर लिहायला लागली. कॅसेटवर मुलाखती घेण्यापासून सुरुवात केली ती पार मोबाइलवर रेकॉर्ड करण्यापर्यंत तिने दुसरं काही केलं नाही. एजवेअरला कुणाकडे गणपतीला गेलो की कुणीतरी काकू हमखास विचारायच्या, “काय गं, अजून त्या बडबडगाण्यांवरच लिहितेस का?” ताई हसून म्हणायची, “हो ना काकू, तुम्हाला एक लिंक पाठवते.” आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचो. तिचं लिहिलेलं आमच्यापैकी कुणीच वाचत नव्हतं.

तिची कामाची पद्धत मात्र आमच्या आईकडून आलेली होती. रेकॉर्ड कंपनीने हॉटेलात दिलेल्या वीस मिनिटांत मुलाखत उरकायची, हे तिला मुळीच मान्य नव्हतं. ती गाणाऱ्याच्या घरी जायची, तेही त्याची आई घरी असताना, आणि जाताना आमच्या आईचं नाव कोरलेला स्टीलचा डबा न्यायची. त्यात चकल्या नाहीतर बेसनाचे लाडू. त्या बायकांना ती पहिल्याच भेटीत सांगायची की आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत. मग डब्यातून कधी तळलेली केळी यायची, कधी राजमा घातलेला भात. “मन्या, जो मुलगा स्टेजवर जगाला शिव्या घालतो ना, तो आईसमोर प्लेट उचलून धुतो. ते मला लिहायचंय,” असं ती म्हणायची.

डॅरेन क्लार्ककडे ती अशीच चार-पाच वेळा गेली. क्रॉयडनचाच, वीस-एकवीस वर्षांचा मुलगा, पहिली रेकॉर्ड यायची होती. शेवटच्या भेटीत तो आईला कांदा चिरून देत होता. डोळ्यांतून घळाघळा पाणी. ताईने हसत हसत आपल्या कॅमेऱ्याने फोटो काढला, आणि लेखात आतल्या पानावर कुठेतरी लावा म्हणून संपादकाला दिला. त्याने तो कापून कव्हरवर घेतला. आई गेली, कांदा गेला, ओटा गेला. उरले ते लाल डोळे आणि सुरी. लेखाचा शब्दही बदलला नव्हता, पण ते कव्हर पाहिल्यावर लेख वाचतो कोण? कंपनीने रेकॉर्ड बाजूला ठेवली, ठरलेले कार्यक्रम रद्द झाले, पोलीस रस्त्यात डॅरेनला थांबवायला लागले. ताई धावत मिसेस क्लार्ककडे गेली, तर त्यांनी दार उघडलं नाही. डबा आतच राहिला.

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली. “मन्या, मी रिझाइन करते. आणि दुसऱ्या पेपरला लेटर लिहिते, फुल फोटोसकट.”

मी म्हणालो, “ताई, डोन्ट बी सिली. कव्हर स्टोरी आहे! लोक आयुष्यभर वाट बघतात. आता कशाला उकरून काढायचं? विसरतील सगळे.”

तिने माझ्याकडे पाहिलं... आणि ना राजीनामा दिला, ना पेपरला पत्र लिहिलं. पुढच्या महिन्यात मी ते कव्हर फ्रेम केलं. पाहुणे आले की दाखवायचो, आमच्या ताईचं! दर दिवाळीला ती त्या फ्रेमखालच्या सोफ्यावर बसायची, फराळ करायची आणि निघून जायची. मला वाटायचं, लाजते. मूर्खपणालाही काही मर्यादा असते.

तिचं घर आवरताना पूर्ण फोटो सापडला. त्यात कांदा आहे, मिसेस क्लार्कचा हसरा चेहरा आहे, कोपऱ्यात आमच्या आईचा डबाही आहे. माझी बहीण तशी नव्हती एवढं त्या बाईंना सांगायचंच, असं ठरवून मी तो घेऊन गेलो. त्यांनी दार उघडलं. आता खूप थकल्यात. फोटो हातात घेतलाही नाही.

“हा आहे माझ्याकडे. तिने त्याच आठवड्यात पोस्टाने पाठवला होता, पत्रासकट,” त्या म्हणाल्या. “पण माझा मुलगा काय करत होता, ते मला कशाला सांगायचं? मी तिथेच उभी होते. सांगायचं होतं ते बाकीच्यांना.”

“ती सांगणार होती. मी अडवलं,” मी म्हणालो.

त्या आत गेल्या आणि डबा घेऊन आल्या. घासून लख्ख केलेला, आईचं नाव अजून स्पष्ट वाचता येत होतं. “रिकामा परत करायचा नाही, असं ती म्हणाली होती. म्हणून इतकी वर्षं ठेवला. पण ह्यात घालावं असं माझ्याकडे काही नाही.” डबा माझ्या हातात देऊन त्यांनी दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं.

संपादकाला मी पूर्ण फोटो पाठवला, लेखाखाली छापा म्हणून. उत्तर आलं, “आता कशाला उकरून काढायचं?” माझंच वाक्य, शब्दाला शब्द. स्वतःची किळस येणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी नीट कळलं.

म्हणून ताईला तेव्हा लिहायचं होतं ते मी आज लिहितोय. डॅरेन क्लार्क त्याच्या आईसाठी कांदा चिरत होता. डॅरेन आता पन्नाशीला आलाय, क्रॉयडनला ट्राम चालवतो, आणि त्याने पुन्हा गाणं केलं नाही. हेच इंग्रजीत लिहून मी इथल्या सहा पेपर-मासिकांकडे पाठवलंय, अजून कुणाचं उत्तर नाही. छापून आलं की तो अंक डब्यात घालून मी त्या दाराशी जाणार आहे. फ्रेम काढलीय. परवा बायकोने सवयीने डब्यात रवा भरायला घेतला, मी तिला भरू दिला नाही. डबा ओट्यावर आहे, रिकामा.