आंदणाच्या रांगेत आमच्या सायकली

डॉक्टरांनी आमच्या ह्यांना रोज सायकल चालवायला सांगितली. दुखणं ह्यांचं होतं, पण पथ्य माझ्याही वाट्याला आलं. घरात दोन सायकली आल्या. ह्यांची काळी, माझी जांभळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दिवसभर उभं राहून घरी आल्यावर मला कुणी सायकलवर बस म्हणावं, हे काही मला पटत नव्हतं. पण ह्यांना सोबत हवी. पन्नाशीचा माणूस हेल्मेट घालून वाशीमच्या रस्त्याने एकटा निघाला की लोक त्याच्या एकट्यावर हसतात, दोघं असली की हसणं वाटलं जातं, असं त्यांचं म्हणणं.

पुढे ह्यांनी गाडीच्या डिकीवर सायकली अडकवायचं स्टँड आणलं. आता सायकली आमच्याबरोबर गावोगाव फिरणार होत्या. स्टँड आलं त्याच दिवशी ह्यांच्या डोक्यात चोर शिरला. सायकली कशा चोरीला जातात याचे व्हिडिओ हे जेवतानासुद्धा बघायला लागले. मग तारेचं कुलूप आलं. ते दोन्ही सायकलींतून ओवून स्टँडला अडकवायचं, आणि त्याला चावी नव्हती, नंबर होता. "आपल्या लग्नाची तारीख ठेवली आहे," हे मला म्हणाले. मला जरा बरं वाटलं. शिवाय गाडी उभी केली की सीटा काढून आत ठेवायच्या, सायकलींवर चादर बांधायची, आणि कुणी हात लावला तर कळावं म्हणून बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ हँडलला बांधायची.

पहिल्यांदा आम्ही शेलूबाजारला माझ्या बहिणीकडे गेलो. रस्ताभर घुंगरं वाजत होती. वाटेत चहाला थांबलो तर जीपवाले भोवती गोळा झाले. एकाने विचारलं, "काका, सायकली गाडीत बसून जातात, तं मंग तुमी कायले घेतल्या?" आम्ही चहा पाळीपाळीने प्यायलो, एक जण हॉटेलात आणि एक जण सायकलींजवळ. खरं सांगायचं तर माझी पाळी आली तेव्हा मी मुद्दाम पाठ करून उभी राहिले. चोराला संधी मिळाली असती तर माझी काही तक्रार नव्हती.

पण सायकल गेली ती चोरामुळे नाही. ती गेली केनवडला, माझ्या मामाच्या मुलीच्या लग्नात.

लग्न आटपून संध्याकाळी पुढे लोणारला जायचं आणि सकाळी सरोवराच्या काठाने सायकल चालवायची, असा ह्यांचा बेत होता. म्हणून सायकली लग्नाला आल्या. त्यासाठी चादर नवी घेतली होती, लाल फुलांची. मंडपापाशी पोहोचलो तर गाड्यांची ही गर्दी. हे गाडी लावायला जागा शोधत राहिले, पण सगळीकडे ह्यांना चोरच दिसत होते. शेवटी मंडपाच्या मागे त्यांना मनाजोगती जागा मिळाली. तिथे नवरीला द्यायचं आंदण मांडून ठेवलं होतं. कपाट, कूलर, दिवाण, भांड्यांची रॅक, सगळं एका रांगेत. आणि त्याची राखण करायला मामीचे काका, आबाजी, खुर्ची टाकून बसले होते. ते आयुष्यभर गावचे कोतवाल होते. आता सत्तरीच्या पुढे, पण काठी तीच आणि नजरही तीच.

ह्यांनी रांगेच्या टोकाला, कूलरच्या शेजारी गाडी लावली आणि काकांना नमस्कार केला.

"आबाजी, या सायकलीइकडे पण लक्ष ठेवा बरं. कोणाले हात लावू देऊ नका."

"कोनालेच नाही," आबाजी म्हणाले.

हे इतके निश्चिंत झाले की बुद्धवंदनेला पहिल्या रांगेत जाऊन बसले. पांढऱ्या साडीतली माझी मामेबहीण फार गोड दिसत होती. ती नर्स आहे, सासर रिसोडकडच्या एका खेड्यातलं. लग्न वेळेवर लागलं, आशीर्वादाची भाषणं झाली, आणि आम्ही जेवायला बसलो. हे बुंदी वाढून घेत होते आणि मागून घुंगरं वाजली.

हे ताट सोडून पळाले. त्यांच्या मागे मी.

मंडपामागे नवरदेवाकडचा टेम्पो लागला होता. कपाट चढलं होतं, कूलर चढला होता, आणि टेम्पोवाला आमच्या सायकलींची चादर सोडत होता. आबाजी बाजूला उभे राहून काठीने दिशा दाखवत होते.

"अहो, काय करून राह्यले?" हे ओरडले.

"बरं झालं आला तू. कुलपाचा नंबर सांग. नवरीचं सामान चढवून राह्यलो," आबाजी म्हणाले.

"ते नवरीचं नाही. माझ्या सायकली हायेत."

हे पुढे झाले तशी आबाजींनी काठी आडवी धरली. "हात नोको लावू. सकाळी तूच मले म्हनलं न, कोनाले हात लावू देऊ नका?"

"मी म्हणजे मी सोडून!"

"थे नाही म्हनलं तू."

मला हसू आवरेना. एवढे व्हिडिओ बघून ह्यांना जो बंदोबस्त जमला नव्हता, तो आबाजींनी करून दाखवला होता, आणि तोही खुद्द मालकाविरुद्ध. मी काही बोलणार तेवढ्यात मंडपातला माईक खरखरला. आहेर पुकारणाऱ्या माणसाला कुणीतरी बातमी पोहोचवली होती. "वाशीमच्या जावईबापूंकडून नवरीसाठी दोन सायकली!" पाठोपाठ टाळ्या.

मागे वळून बघते तर नवरदेवाचे वडील हात जोडून येत होते. "दोन-दोन सायकली! एवढं काहून केलं, जावईबापू?" त्यांच्या मागे माझा मामा. त्याचे डोळे भरून आलेले. "मले सांगितलं पन नाही पोरी तुमी," म्हणाला आणि ह्यांना मिठीच मारली. मामाच्या खांद्यावरून हे माझ्याकडे बघत होते. तोंड उघडत होतं, मिटत होतं.

मामा बाजूला झाल्यावर मी ह्यांना कपाटाच्या रिकाम्या जागेत ओढलं. "माझी देऊन टाका."

"तुझी? मग तू काय चालवशील?"

"मी चालेन. पायी."

"एवढ्या आवडीने घेतली तुझ्यासाठी."

"आवड तुमची होती," मी म्हणाले. ते जरा खट्टू झाले, पण वाद घालायला वेळ नव्हता. मी सगळ्यांसमोर जाऊन सांगितलं, "जांभळी नवरीची. काळी ह्यांच्या वापरातली आहे, टायरची माती बघा." नवरदेवाचे वडील म्हणाले, "एकच पुष्कळ हाय." मामाला तर कोणती कोणाची याचं काही नव्हतंच.

तोवर नवरीही आली होती. तिने पदर खोचून जांभळीचा ब्रेक दाबून पाहिला. "ताई, उपकेंद्रात जाले मले पायीच जा लागलं असतं," म्हणाली.

आता कुलूप उघडायचं होतं. हे खाली बसले आणि आकडे फिरवायला लागले. उघडेना. भोवती पंचवीस-तीस माणसं. मी म्हणाले, "सोपं आहे, आपल्या लग्नाची तारीख." आणि मोठ्याने सांगितली. तरी उघडेना. ह्यांच्या कानाची पाळी लाल झाली.

"ते नाही," हे पुटपुटले. "नोकरीवर रुजू झालो ती तारीख आहे. ती विसरत नाही मी."

पण या गडबडीत तीही आठवेना. पंचायत समितीतला ह्यांचा एक सहकारी त्याच दिवशी रुजू झालेला. त्याला फोन लावला. त्याने तारीख सांगितली, वर "काय झालं, पेन्शनचं काही निघालं का?" म्हणून विचारलं. कुलूप उघडलं आणि माईकशिवाय पुन्हा टाळ्या झाल्या.

जांभळी टेम्पोत गेली. काळी मात्र आबाजी सोडायला तयार नव्हते. मामाने स्वतः येऊन सांगितलं तेव्हा त्यांनी काठी खाली घेतली, तीही "तुमच्या जबाबदारीवर" असं बजावून.

आम्ही ठरल्याप्रमाणे लोणारला गेलो. सकाळी हे एकटेच सायकलवर निघाले आणि मी लॉजच्या गच्चीवर सावकाश दोन कप चहा प्यायले. आल्यावर हे म्हणाले, तिथे कुणीच हसलं नाही.

महिन्याभराने मामेबहिणीचा फोन आला. तिच्या सासऱ्यांना गिअर फार आवडले होते. रोज पहाटे तेच सायकल घेऊन शेतात जातात, हिला ती ड्युटीच्या वेळेपुरती मिळते, आणि चेन सारखी पडते. ह्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि अर्धा तास चेनला तेल कसं द्यायचं ते समजावलं. आता अधूनमधून रविवारी हे पाने-तेल घेऊन तिकडे जातात. सायकल दुरुस्त होते, सासरे दारात उभे राहून बघतात, आणि हे येताना वांगी नाहीतर तुरीच्या शेंगा घेऊन येतात. मला सोबत चल म्हणत नाहीत.