आत्याच्या दाराचं माप

लोक त्याला चौकटराव म्हणत, अर्थात तोंडावर नाही. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात त्याने निवृत्त होईपर्यंत मीटर वाचले, आणि त्या नोकरीमुळे त्याला शहरातल्या कुठल्याही घरात बिनधास्त शिरता यायचं. मीटर बहुधा जिन्याखाली असायचा. चौकटराव वाकून आकडा बघायचा आणि उठता उठता कठड्यावर टिचकी मारायचा. लाकूड जुनं निघालं की त्याचा चेहरा असा खुलायचा, की घरच्यांना वाटायचं या वेळी बिल कमी आलं.

निवृत्त झाल्यावर त्याने घर बांधायला काढलं आणि जाहीर केलं, की या घरात नवी वस्तू म्हणून येणार नाही. नवं लाकूड त्याच्या लेखी भुसा होतं आणि नवा नळ म्हणजे खेळणं. कुठे घर पाडताहेत असं कानावर आलं, की हा जेवणाच्या ताटावरून उठायचा. तिथले लोक कपाटं आणि गाद्या ट्रकमध्ये चढवत असायचे, कुणी रडत असायचं, आणि हा मात्र कोपऱ्यात उभा राहून बिजागऱ्या मोजत असायचा.

अशा रीतीने घर उभं राहिलं. फरशी तीन वेगवेगळ्या घरांतली, त्यामुळे जाडीही तीन तऱ्हेची. टेबल कुठेही ठेवा, एक पाय हवेतच. हात धुवायचं भांडं एका न्हाव्याच्या दुकानातलं, ते छातीच्या उंचीवर बसवलेलं, कारण मुळात ते तसंच होतं म्हणे. स्वयंपाकघराच्या भिंतीत एका बंद पडलेल्या नाट्यगृहाची तिकिटाची खिडकी. त्या अर्धगोल भोकातून बायकोने चहाचा कप बाहेर सरकवायचा आणि पाहुण्याने ‘पुढच्या रांगेचं तिकीट आहे का?’ असं विचारून स्वतःच हसायचं, हे ठरून गेलेलं.

प्रत्येक वस्तूची एक गोष्ट होती आणि ती ऐकल्याशिवाय कुणाची सुटका नव्हती. गोष्टीचा शेवट ठरलेला. आवाज खाली आणून चौकटराव म्हणायचा, “आता त्या घरातलं कुणीच राहिलं नाही.” हे तो इतक्या समाधानाने म्हणायचा, की ऐकणाऱ्याला आपल्या घराची काळजी वाटावी.

त्याची बायको शिवणकाम करायची. दोन भाड्याच्या खोल्या, त्यातल्या एकीत शिलाई मशीन आणि गिऱ्हाइकांचे कपडे, दुसरीत संसार. स्वतःच्या घरात एक मोठी खिडकी, तिच्याखाली मशीन आणि पाय पसरायला जागा, एवढंच तिचं मागणं. आणि आता घरमालकाने सांगून टाकलं होतं, की मुलगी परत राहायला येतेय, उन्हाळा संपायच्या आत खोल्या रिकाम्या करा. नवं घर तयार होतं. सगळं जागच्या जागी होतं. घोडं अडलं होतं ते एकाच ठिकाणी. घराला पुढचं दार नव्हतं.

दाराच्या जागी पत्रा उभा केलेला. पत्र्याला दोरी, दोरीला दगड. वारा सुटला की पत्रा असा थडाथडा वाजायचा, की शेजारी आपल्या खिडक्या लावून घ्यायचे. बायको विचारायची, “अहो, दार कधी?” चौकटराव म्हणायचा, “ठरलंय ते.” कुठलं ठरलंय, कुणाकडून येणार, कशाचा पत्ता लागू द्यायचा नाही.

आणि सांगणार तरी कोणत्या तोंडाने? ते दार त्याच्या आत्याच्या घराला होतं. आत्या अजून त्या घरात होती.

झालं होतं असं. मागच्या हिवाळ्यात आत्या तापाने अंथरुणाला खिळली. नवरा गेलेला, मुलं परदेशात, जवळचं म्हणावं असा हाच भाचा. बायको रात्रंदिवस तिच्या उशाशी होती. चौकटरावही रोज जायचा, दारात उभा राहायचा आणि म्हातारीकडे एकदा नि दाराकडे तीनदा बघायचा. दोन फळ्यांचं काळंभोर दार, पितळी कड्या, मधोमध कोरलेली वेल. डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा याने मनात ती चौकट आपल्या भिंतीत बसवूनही टाकली. एका दुपारी बायको औषध आणायला गेलेली बघून त्याने तिच्या पिशवीतली मोजपट्टी काढली आणि दाराचं माप घेतलं. दुसऱ्या दिवशी गवंड्याला सांगून पुढच्या भिंतीत तेवढ्याच मापाची जागा सोडली. इतर लोक आधी दार आणतात. याने एका जिवंत बाईच्या दाराला भिंत बांधून घेतली.

मग आत्या बरी झाली.

नुसती बरी नाही, चांगली टुणटुणीत झाली. तिन्ही त्रिकाळ जेवायला लागली, भाजी आणायला स्वतः जायला लागली. चौकटरावचा जीव टांगणीला लागला. तो दर रविवारी तिची तब्येत विचारायला जायचा, आणि ‘उत्तम आहे रे’ हे उत्तर ऐकून असा खचून परत यायचा, की बायकोला वाटायचं आत्याचं पुन्हा काही दुखतंय. जुन्या बाजारात त्या मापाचं दुसरं दार मिळेना. नवं करून घ्या म्हटलं की अंगावर पाल पडल्यासारखं करायचा. दुष्ट नव्हता बिचारा. त्याला आत्या मरायला नको होती, फक्त दार हवं होतं, आणि या दोहोंमधला फरक दिवसेंदिवस त्याच्याच लक्षात राहीनासा झाला होता.

उन्हाळा संपत आला. घरमालकाचा दुसरा निरोप आला, तेव्हा बायको बोहारणीसारखी कपड्यांची गाठोडी बांधत बसली होती. तिने गाठ तशीच टाकली आणि नवऱ्याला समोर बसवून विचारलं. त्याने आढेवेढे घेत घेत, नजर चुकवत सगळं सांगितलं.  तिने चपला घातल्या आणि सरळ आत्याचं घर गाठलं. हा मागोमाग, पाय ओढत.

आत्या भाजी घेऊन परतलेली, दाराबाहेरच उभी होती. दार उघडायला तिने खांदा लावला होता. बायकोने आत पाऊल टाकायच्या आधीच विचारलं, “आत्या, तुमचं हे दार आम्हाला द्याल का?”

आत्या दार ढकलून आत गेली आणि कपाटातून गुंडाळलेली मोजपट्टी काढून तिने तिच्या हातात ठेवली. “हीही ने. त्या दिवशी याच्या हातून इथंच पडली होती.”

बायकोने पट्टी ओळखली. तिने ती सगळ्या घरात शोधली होती आणि शेवटी नवी आणली होती.

“आत्या, तू तेव्हा झोपेत होतीस,” चौकटराव कसाबसा म्हणाला.

“तापात होते. झोपेत नव्हते.” आत्या खुर्चीत बसली. “आधी मला वाटलं, तिरडीसाठी माझंच माप घेतोयस. मग पट्टी दाराला लावलीस. म्हटलं, चला, माझ्यासाठी नाही, दारासाठी जीव तुटतोय.”

 चौकटरावला पहिल्यांदाच एखाद्या जुन्या घरात कुठे बघावं ते कळेना.

“ने ते दार,” आत्या म्हणाली. “ढकलून ढकलून माझा खांदा निकामी झालाय. पावसाळ्यात फुगतं मेलं. केव्हापासून म्हणतेय, एखादं हलकं, नवं दार बसवून घ्यावं. मागितलं असतंस तर त्याच दिवशी दिलं असतं. पण तुला मागायचं नव्हतं, तुला मिळायला हवं होतं.”

त्याने आपल्या साठ्यातलं दुसरं एक जुनं, मापाने लहान दार देऊ केलं. आत्याने नाक मुरडलं. तिला दुकानातलंच हवं होतं, गुळगुळीत, पांढरं, एका बोटाने उघडणारं. तेव्हा चौकटराव आयुष्यात पहिल्यांदा तयार दारांच्या दुकानात गेला, आणि दुकानदाराने ‘याला दहा वर्षं काही होत नाही’ असं म्हटल्यावर मुकाट्याने मान डोलावून आला. आत्याच्या घरी उरलेली जागा विटांनी भरून ते दार बसलं त्या दिवशी म्हातारी ते लहान मुलासारखी उघडत होती नि लावत होती.

नव्या घरात राहायला गेल्यावर बायकोने मशीन मोठ्या खिडकीखाली मांडलं आणि पहिल्याच रविवारी आत्याला जेवायला बोलावलं. चार शेजारीही आले. चौकटराव फरशीपासून सुरू झाला, न्हाव्याचं भांडं झालं, तिकिटाची खिडकी झाली. आत्याच्या डोळ्याला डोळा न देता तो पुढच्या दाराशी आला, कड्यांवरून हात फिरवला, वेलीचं कौतुक केलं. मग सवयीने आवाज खाली गेला आणि तोंडातून ठरलेलं वाक्य निघून गेलं, “आता त्या घरातलं कुणीच राहिलं नाही.”

“मी राहतेय की,” खुर्चीतून आत्या म्हणाली. “अजून वेळ आहे. तोवर मला चहा दे.”

शेजारी आधी तिच्याकडे, मग त्याच्याकडे बघायला लागले. तिकिटाच्या खिडकीतून बायकोने एक कप बाहेर सरकवला. चौकटराव तो घेऊन आत्यापर्यंत गेला, आणि कप तिच्या हातात देताना त्याने दाराकडे एकदाही बघितलं नाही.